कोठीतलं जुनं आसव

आसगाव,
ता. २ जून १९७६

चि. सौ. चंद्रकलास वहिनीचा आशीर्वाद.

तुझं कार्ड भेटलं. वहिनी, आता एकट्या कायले राहता, जवाहरनगरले या, क्वार्टरात दोन खोल्या आहेत, असं तू लिहिलं. तुह्या मायेचं मले समजते. पण सध्या येणं होत नाही.

तुझे दादा गेल्यावरचा हा मोहफुलाचा पहिला हंगाम. माणूस गेलं म्हणून फुलं काही थांबत नाहीत. चैतात रोज सकाळी झाडाखाली सडा पडे. बाया लावून वेचला, वाळवला, गूळ आणि धायटीची फुलं टाकून मडके भरले. आजवर हे तुह्या दादानं केलं, त्याच्या आधी मामाजीनं, तुह्या बाबानं. मी निसती हाताखाली राहो. तुझे दादा मडक्याले कान लावून ऐकत, आत बुडबुडा चालू आहे का थांबला. मी बी कान लावला. मले काहीच ऐकू आलं नाही, तेवढ्यावरून समजली का झालं. मंग गाळलं, मोठ्या बरणीत भरलं, कपडमातीनं तोंड बंद केलं आणि कोठीत नेऊन ठेवलं.

आता बारा वर्षं त्याले हात लावायचा नाही. म्हणजे मी भरलेलं साधलं का बिघडलं, हे मले अठ्ठ्याऐंशी साली समजन. कोणाले विचारता बी येत नाही. रांधलेली भाजी निदान त्याच दिवशी कळते.

बाकीचं साधं आसव वैद्याच्या दुकानाले जाते, ते विकायचं काम तुझे भाऊ भैय्याजी पाहून राहिले. औषधाचं लायसन माह्या नावावर झालं. पोरगा गोपीचंद दहावीत गेला. सेवकरामजीले नमस्कार सांग.

थकवा येते. पण पडून राहिली तर जास्त येते.

तुझी वहिनी,
रत्नाबाई

---

जवाहरनगर,
ता. २० जुलै १९७६

ती. वहिनीस चंद्रकलाचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बारा वर्षांची गोष्ट तुम्ही इतक्या सहज लिहिली की मला वाईट वाटलं. दादा असते तर म्हणाले असते, जो भरतो त्यानंच प्यावं असा नियम कुठे आहे. लग्नाच्या पंगतीनंतर बाबा चांदीच्या वाटीत घोट घोट जुनं द्यायचे. पाहुणे रिकामी वाटी पुन्हा पुन्हा हुंगायचे. ते बाबांचंही नव्हतं, त्यांच्या वडिलांनी भरलेलं होतं.

आमचं इथे बरं चाललं आहे. सकाळी भोंगा होतो, कारखान्याच्या बसा निघतात, की दिवसभर कॉलनी बायांची. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून काम लवकर आटोपतं आणि दुपार खायला उठते. शेजारच्या मद्रासी बाईकडून विणकाम शिकते आहे.

भैय्याजी भाऊ मागच्या रविवारी येऊन गेला. यांना थंडीतापानंतर अशक्तपणा आहे म्हणून आसवाच्या दोन बाटल्या देऊन गेला. यांना भूक लागू लागली. मला माहेरचं काही घरात आलं याचंच बरं वाटलं. भाऊ आता दर महिन्याला येईन म्हणतो. दादा गेल्यावर तो घराकडे पाहू लागला, हे चांगलं झालं.

तुमची,
चंद्रकला

---

आसगाव,
ता. १४ नोव्हेंबर १९७७

चि. सौ. चंद्रकलास आशीर्वाद.

दिवाळीले तू आली नाही. सेवकरामजीची ड्यूटी होती म्हणे. भाऊबीजेले भैय्याजी तिकडेच आले होते, त्यायच्याकडून समजलं.

भैय्याजीचं आणि माह्यं आजकाल पटून नाही राहिलं. लपवून काय करू. ते म्हणतात, बारा वर्षं ठेवायचं कायले? एक महिन्यात मडकं तयार होते, भरा बाटल्या आणि खपवा. कोठीतलं बी काढा. मी म्हटलं, कोठीले हात लावायचा नाही. दोन दिवस हेच चाललं. शेवटी मी म्हटलं, नवीन मडक्याचं तुमचं तुम्ही पाहा, कोठी माह्याकडे राहू द्या. तेव्हापासून त्यायचे मडके वाढून राहिले. मागच्या पडवीत आता पाय ठेवायले जागा नाही. फुलं बी दुसऱ्या गावाहून गाडीनं येतात.

जवाहरनगरकडे मोठं गिऱ्हाईक आहे असं ते सांगतात. तिकडे एवढ्या बाळंतिणी आहेत का अशक्त माणसं आहेत, देव जाणे. तुले माहीत असन.

यंदाची बरणी बी भरली. मागच्या वर्षीपेक्षा कमी सांडलं.

तुझी वहिनी,
रत्नाबाई

---

जवाहरनगर,
ता. ९ ऑगस्ट १९७८

ती. वहिनीस सा. न.

पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, राग मानू नये.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. हा आसवाचा धंदा तुम्ही आता बंद करावा. शेती आहे, गोपीचंद हुशार आहे, तुमचं भागेल. औषध म्हणून नाव असलं तरी लोक त्याला दुसऱ्याच नावानं ओळखतात आणि आपल्या घराण्याचं नाव त्यावर छापलेलं असतं. इथे मला बायांमध्ये मान वर करून चालता येत नाही.

का म्हणून विचारू नका. माझं एवढं ऐका.

चंद्रकला

---

आसगाव,
ता. ३० ऑगस्ट १९७८

चि. सौ. चंद्रकलास.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. रागात लिहू नये म्हणून थांबली, पण राग काही गेला नाही.

तू सात वर्षांची होती तेव्हा मी या घरात आली. तुझी वेणी मी घातली. तुह्या शाळेची फी, मॅट्रिकची पुस्तकं, लग्न, सारं याच मडक्यातून निघालं. तेव्हा तुले लाज वाटली नाही. आता सरकारी क्वार्टरात राहाले गेली, चार राज्याच्या बायांत बसते, तर माहेरचं आसव खुपून राहिलं.

तुह्या दादाचे शेवटचे शब्द शेताबद्दल नव्हते, गोपीचंदाबद्दल बी नव्हते. कोठीचा दरवाजा बंद ठेवजो, ऊन लागू देऊ नको, एवढंच म्हणाले. ते मी कसं बंद करू ते तूच सांग. आणि काहून बंद करू ते बी सांगत नाही.

मले भांडाची ताकत राहिली नाही. तुझं पटत नसन तर नको लिहू.

रत्नाबाई

---

जवाहरनगर,
ता. १७ जानेवारी १९८०

ती. वहिनीस साष्टांग नमस्कार.

जवळजवळ दीड वर्षानंतर लिहिते आहे. तुम्ही काहून म्हणून विचारलं होतं. तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भाऊ दर महिन्याला ज्या बाटल्या आणतो त्या बाळंतिणींना जात नाहीत. फाटकाबाहेर एका टपरीत ठेवल्या जातात आणि पाळी सुटली की माणसं तिथे उभी राहतात. औषध आहे म्हणून कोणी अडवत नाही. भाऊ त्यात काहीतरी कडकही मिसळतो, असं लोक म्हणतात. आणि आमचे हे तिथलं पहिलं गिऱ्हाईक. अशक्तपणासाठी चमचाभर घेतलेलं आधी वाटीवर गेलं, मग बाटलीवर. दोन वर्षं झाली.

मागच्या महिन्यात हे तसेच कामावर गेले. दारूगोळ्याचा कारखाना, वहिनी. तिथे काडेपेटीसुद्धा फाटकावर काढून घेतात. साहेबांनी तोंडाचा वास ओळखला आणि बाहेर काढलं. चौकशी झाली. नोकरी राहिली, पण यांना मशीनवरून उचलून आवाराच्या साफसफाईला लावलं. ज्या माणसाच्या हाताखाली पोरं शिकली, तो आता त्याच पोरांसमोर पाला गोळा करतो.

मी भाऊला म्हटलं, आमच्याकडे तरी देऊ नको. तो म्हणाला, "मी नाही देल्लं तर दुसरा देईन. आपल्या घरचं निदान सुद्ध आहे."

आणि मी यांच्या हातातून बाटली घेतली तर हे म्हणाले, "तुह्याच घरचं औषध आहे. तुझा बाप जगाले पाजे. मी पेलो तर काय झालं?"

बाटलीवर बाबांचं नाव होतं.

मी तुमच्याकडे काही मागत नाही. मागच्या वेळी मागितलं तेव्हा नीट मागितलं नव्हतं. मी थकले आहे, एवढंच तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

तुमची,
चंद्रकला

---

आसगाव,
ता. ११ मार्च १९८०

चि. सौ. चंद्रकलास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हाच लिहायचं होतं. पण आधी करायचं ते केलं, आता लिहितो म्हटलं.

भैय्याजीले समोर बसवून विचारलं. त्यायनं काही नाकारलं नाही. फक्त म्हणाले, वहिनी, धंद्यात नातं पाहून चालत नाही. मी म्हटलं, मंग मी बी नाही पाहत. लायसन माह्या नावावर आहे, ते मी परत करून राहिली. ते हसले. त्यायले वाटलं बाई आहे, बोलते.

दुसऱ्या दिवशी मी आणि गोपीचंद बसनं भंडाऱ्याले गेलो. तिथल्या साहेबानं मले दोनदा विचारलं, बाई, कोणी जबरदस्ती केली का? मी म्हटलं, नाही, आता आमच्याच्यानं होत नाही. तो भला माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं का, लायसन गेलं का घरात एक थेंब ठेवता येत नाही, नवीन बी नाही, जुनं बी नाही. कोठीचं मले तेव्हा सुचलं. पण सही झाली होती. आणि सही झाली नसती तरी मी केली असती.

कचेरीतले लोक परवा आले. पंच म्हणून तुलाराम पाटील आणि मास्तर होते. पडवीतले मडके त्यायनं फोडले, त्याचं मले काही वाटलं नाही. कोठीपाशी आले तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही आत जाऊन बसा."

मी म्हटलं, "घरानं भरलं, तर घरच सांडीन."

मागच्या धानाच्या बांधीत नेऊन एकेक बरणी मी आणि गोपीचंदानं आडवी केली. आजेसासऱ्याची, मामाजीची, तुह्या दादाच्या. सगळ्यात जुन्या बरणीतलं तर मधासारखं घट्ट झालं होतं, काळंलाल, लवकर जमिनीत मुरे बी ना. वास एवढा सुटला का रस्त्यानं जाणारे लोक कुंपणापाशी थांबले. एक म्हातारी म्हणाली का माह्या लग्नात याच घरचं आलं होतं.

मी भरलेली पहिली बरणी उघडली तेव्हा साहेबानं तोंड दुसरीकडे केलं. मी बोट बुडवून चाखलं. गोड होतं, जड होतं, मागून थोडं तिखट लागलं. तुह्या दादाच्या हातासारखं नव्हतं. बिघडलेलं बी नव्हतं. आणखी आठ वर्षांत त्याचं काय झालं असतं ते मले सांगता येत नाही. मंग ते बी सांडलं.

भैय्याजी बिऱ्हाड घेऊन तुमसरले गेले. जाताना माह्या पाया पडले नाहीत.

तू स्वतःले दोष देऊ नको. सेवकरामजीले सांग, त्यायच्या सासरचं औषध आता बंद झालं.

तुझी वहिनी,
रत्नाबाई

---

जवाहरनगर,
ता. ६ मे १९८०

ती. वहिनीस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचल्यावर मी काय लिहावं? तुमच्या पायांवर डोकं ठेवायला यायला पाहिजे, पण सध्या घर सोडता येत नाही.

एक चांगली बातमी. यांची सुटली. टपरीवाल्याकडच्या बाटल्या संपल्या आणि यांनी पुन्हा तिकडे पाहिलं नाही. पहिले आठ-दहा दिवस कठीण गेले, पण आता जेवतात, वेळेवर घरी येतात. साहेबही खूश आहेत. मशीनवर परत घेतील असं वाटतं.

तुमचं केलेलं वाया गेलं नाही, वहिनी. हे मी रोज मनात म्हणते.

तुमची,
चंद्रकला

---

आसगाव,
ता. २५ मे १९८०

चि. सौ. चंद्रकलास आशीर्वाद.

वाचून बरं वाटलं. देवानं ऐकलं. कोठीत आता धान ठेवून राहिलो. त्याले बी थंड जागा चांगली.

रत्नाबाई

---

जवाहरनगर,
ता. १२ सप्टेंबर १९८२

ती. वहिनीस सा. न.

गोपीचंदला कारखान्यात अप्रेंटिस घेतलं, फार बरं वाटलं. हॉस्टेलात जागा मिळाली आहे. मागच्या रविवारी मी त्याला जेवायला बोलावलं होतं. चुलत-मावस धरून आमच्या घरात इतका सरळ मुलगा नाही. ताट स्वतः धुऊन ठेवलं. हे त्या दिवशी पाळी करून आल्यामुळे झोपले होते, भेट झाली नाही. तसं यांचं छान आहे. मशीनवर अजून घेतलं नाही, पण कामाचं काही वाटून घ्यायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे.

पुढच्या रविवारीही त्याला यायला सांगा.

तुमची,
चंद्रकला

---

आसगाव,
ता. ३ ऑक्टोबर १९८२

चि. सौ. चंद्रकलास आशीर्वाद.

गोपीचंद येऊन गेला. आत्यानं बडा-भात करून खाऊ घातला म्हणाला. सेवकरामजीची तब्येत चांगली आहे असं त्यानं सांगितलं, ऐकून बरं वाटलं.

दर रविवारी त्याले जेवायले बोलावत जाऊ नको. हॉस्टेलात सारं मिळते, तुले कायले त्रास. त्याच्यासोबत एक पोतं नवे तांदूळ पाठवून राहिली. तुह्यासाठी एक लुगडं बी आहे, ते तू नेसजो, पेटीत ठेवू नको. आणि कधी वाटलं तर चार दिवस निघून येजो. येण्याले कारण लागत नाही.

तुझी वहिनी,
रत्नाबाई

---

जवाहरनगर,
ता. २७ फेब्रुवारी १९८५

ती. वहिनीस चंद्रकलाचा नमस्कार.

तेराव्याला तुम्हाला तापामुळे येता आलं नाही, त्याचं मनाला लावून घेऊ नका. गोपीचंदनं मुलासारखं सगळं केलं. खांदा त्यानंच दिला.

यांना कावीळ झाली होती. खराब पाण्यामुळे होते असं डॉक्टर म्हणाले. पोट फुगलं, मग अन्न जाईना. दवाखान्यात तीन आठवडे होते. शेवटी शुद्ध नव्हती. त्याआधी एक दिवस माझा हात धरून म्हणाले, "तुले काही सुख देल्लं नाही." मी म्हटलं, असं काही नाही.

क्वार्टर खाली करायला थोडी मुदत मिळाली आहे. पेन्शनचे कागद केले. भैय्याजी भाऊ तुमसरहून आला होता. माझ्याकडे चल म्हणाला. कुठे जायचं ते ठरलेलं नाही. भंडाऱ्यात एखादी खोली पाहावी असं मनात आहे. शिवणकाम येतं, विणकाम येतं, एका जिवाला किती लागतं.

माझी काळजी करू नये. मी ठीक आहे.

चंद्रकला

---

आसगाव,
ता. १० मार्च १९८५

चि. चंद्रकलास वहिनीचा आशीर्वाद.

वर नाव लिहिताना सवयीनं हात सौ.कडे गेला, मंग थांबला.

तुझं पत्र गोपीचंदानं वाचून दाखवलं, तापानंतर मले चष्म्यानं बी बारीक अक्षर अजून धड दिसत नाही. कावीळ पाण्यानं झाली, असं तू लिहिलं. चंद्रकला, आता कायले? माह्यासाठी तुले हे वाक्य अजून किती वर्षं सांभाळा लागन?

मले माहीत होतं. गोपीचंद पहिल्यांदा तुह्याकडे जेवायले आला, त्याच दिवसापासून. तू त्याले बाहेरच्या सपरीत बसवून वाढलं, आतल्या खोलीले बाहेरून कडी लावली होती आणि आतून सेवकरामजी दार ठोकून राहिले होते. तू त्याले म्हटलं, आईले सांगू नको, तिनं आमच्यासाठी घर रिकामं केलं. तो आला आणि हे बी सांगितलं, ते बी सांगितलं. पोरगा सरळ आहे ना.

आसगावची बाटली बंद झाली तर त्यायनं सरकारी दुकानातली घेतली. याच्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. मलेच आधी समजाले पायजे होतं. पण मी बांधीत बरण्या आडव्या करून राहिली होती, तेव्हा एवढा पुढचा विचार डोक्यात आला नाही.

मले राग आला का, तर नाही. एक दिवस थकून पडली. मनात आलं का तीन पिढ्याचं सांडलं आणि तिकडे काहीच वाचलं नाही. हे येते मनात, अजून बी येते. मंग तुझं ते पत्र पुन्हा काढलं, यांची सुटली असं लिहिलेलं. ते लिहिताना बाजूच्या खोलीत काय चालू असन आणि तू टेबलाशी बसून मले बरं वाटावं म्हणून एकेक ओळ लावून राहिली असशीन, हे माह्या डोळ्यासमोर आलं. तेव्हा मी ठरवलं का हिले कळू द्यायचं नाही. तू मले सांभाळून राहिली, मी तुले. अशी अडीच वर्षं गेली. त्यात तुले मारलं असन तर तेबी तू एकटीनं सोसलं आणि मी तांदळाचं पोतं पाठवून मोकळी झाली. हे मले जास्त लागते.

एक सांगतो. सांडलं ते मी सेवकरामजीची सुटावी म्हणूनच सांडलं असं नाही. बाटलीवर तुह्या बापाचं नाव होतं आणि त्याच बाटलीचं नाव घेऊन तुले घरात बोललं जाई. ते बोलणं त्या दिवशी बंद झालं असन. तेवढंच माह्या हातात होतं.

भंडाऱ्याले खोली पाहू नको. भैय्याजीकडे बी जाऊ नको. पुढच्या रविवारी गोपीचंद कारखान्यातून गाडी ठरवून येईन. भांडे जास्त आणू नको, इथं आहेत. शिवणाची मशीन मात्र आणजो. मधल्या खोलीत उजेड चांगला येते, तिथं लावू. इथं तुले कोणी ठीक आहे का म्हणून विचारणार नाही, आणि ठीक आहे असं सांगत बसाची बी गरज नाही. झोप आली तर झोपजो. मी बी दिवसा झोपतो आजकाल.

येताना तिथल्या रेशनकार्डावरून तुझं नाव कमी केल्याचा दाखला विसरू नको. त्याच्याशिवाय इथं नाव चढत नाही. माह्या कार्डावर आता मी एकटीच आहे, गोपीचंदाचं तिकडे गेलं. खाली जागा रिकामी आहे, तिथं तुझं लावून घेऊ.

तुझी वहिनी,
रत्ना